मेव्हण्याचा ट्रक किती ओढतो?

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आधी कोथरूडच्या कमिन्समध्ये होता (आम्हा जुन्या लोकांच्या तोंडी ती अजून किर्लोस्कर कमिन्सच). मग तो इंडियानातल्या कोलंबसला गेला. कमिन्स १९१९ साली तिथेच सुरू झाली, त्यामुळे त्या गावात डिझेल इंजिनाबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण. मेव्हण्याने १९९९ची डॉज रॅम घेतली. ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन, २१५ हॉर्सपॉवर. शहाण्या माणसाला २१५ घोडे पुरतात. मेव्हण्याला पुरले नाहीत. मोठे इंजेक्टर आले, मोठा टर्बो आला, आणि एका रविवारी चढावर इंजिनाचे आरपीएम वाढत गेले, वेगाचा काटा मात्र जागचा हलेना.

"क्लच घसरतोय," मी व्हिडिओ कॉलवर निदान केलं.

"दादा, ही ऑटोमॅटिक आहे," तो म्हणाला. 'आहे'मध्ये माझं सगळं शिक्षण निघालं.

पण क्लचच घसरत होता. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यातला पंप तेल फेकतो, तेलाने टर्बाइन फिरतं, आणि मधला स्टेटर परतीचं तेल वळवून गाडी निघताना टॉर्क जवळपास दुप्पट करतो. वेग आला की लॉकअप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो. मूळ कन्व्हर्टरमध्ये त्या क्लचला एकच प्लेट. ती २१५ घोड्यांच्या हिशेबाने बसवलेली. बिचारीला इंजेक्टरचं कुणी कळवलं नव्हतं.

नव्या कन्व्हर्टरला तीन प्लेटा आणि जाड बिलेटचं झाकण हवं, कारण पत्र्याचं झाकण दाबाने फुगतं. इथवर वाद नाही, नुसता खर्च. खरा वाद स्टॉल स्पीडचा. ब्रेक दाबून गाडी थोपवली, तर इंजिन किती आरपीएमपर्यंत चढू शकतं, तो हा आकडा. तो कमी ठेवला तर ट्रेलर ओढताना तेल कमी तापतं, पण मोठा टर्बो जागाच होत नाही आणि गाडी काळा धूर सोडत कुंथते. वाढवला तर टर्बो झटकन उठतो, पण जड ट्रेलर असेल तर लॉकअप होईपर्यंत तेल भाजून निघतं. म्हणजे तुम्ही गाडी कशासाठी वापरता हे खरं सांगितल्याशिवाय कन्व्हर्टर ठरत नाही. इथेच पुरुष अडकतात.

कन्व्हर्टर बांधणारा मिस्त्री फोनवर जावई शोधणाऱ्या बापासारखा चौकशी करत होता. टायर केवढे? डिफरन्शियलचा रेशो काय? टर्बो कुठला? ट्रेलर किती ओढता?

"दहा हजार पौंड," मेव्हणा म्हणाला. "नेहमीच."

"वर्षातून एकदा, गणपतीच्या घडीच्या खुर्च्या," बहिणीने मागून स्वच्छ इंग्रजीत सांगितलं.

"शर्यतीला नेता?"

"तसा विचार आहे."

"सिग्नलवर," बहीण.

मिस्त्रीने मधला, मवाळ स्टॉल सुचवला. मेव्हण्याचा चेहरा पडला. असला आकडा चारचौघांत सांगणार कसा? मी म्हटलं, त्यापेक्षा मूळ टर्बोच परत बसव, सगळंच स्वस्तात सुटेल. तेव्हापासून तो माझ्याशी बहिणीमार्फत बोलतो.

कन्व्हर्टर बसला. क्लच आता तसूभरही घसरत नाही, सगळी ताकद सरळ पुढे जाते. पुढे गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आहे, तोही मूळचाच. बहिणीमार्फत निरोप आलाय की तेवढा एक बदलला की झालं.