मंदिरात डॉक्टर कशाला?

उत्तम आरोग्य प्रशासन कसे असते, हे केंद्र सरकारने 2023 साली दाखवून दिले. आरोग्यवर्धिनी केंद्रांचे ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाले. नव्या पाटीचा फोटो पोर्टलवर चढवायचा. कारभार इतका पारदर्शक, की फोटोत पाटीखालचे कुलूपही स्वच्छ दिसावे.

निर्णयामागची दूरदृष्टी थोर आहे. दवाखान्यात डॉक्टर नसला की लोक बोंब मारतात. मंदिरात देव दिसला नाही, तर आपलीच श्रद्धा कमी पडली म्हणतात. आता पुढचे नामकरणही उरकून घ्यावे. रिक्त पद म्हणजे ‘निर्गुण निराकार’, औषधांचा तुटवडा म्हणजे ‘उपवास’ आणि साप चावलेल्याला जिल्हा रुग्णालयाकडे पिटाळणे म्हणजे ‘वारी’. वाटेतच गेला, तर ‘मोक्ष’ लिहावे. तालुक्याचा मृत्युदर एका फटक्यात शून्य!