चार्ल्सवाले काका

निवृत्त मराठी माणूस पुण्यात असला तर सभेला जातो, मुंबईत असला तर बाकावर बसून राजकारण बोलतो आणि बंगळुरूच्या चामराजपेटेत असला तर इंग्रजी शब्दकोडं सोडवतो. आमचे काका त्यातले. बँकेत होते तेव्हा त्यांच्या एका सहीसाठी लोक ताटकळायचे. आता एका उभ्या शब्दापायी काकूंची इडली ताटकळते.

काकांची सगळी भिस्त चार्ल्स नावाच्या इंग्रजांवर. डार्विन सहा अक्षरी, डिकन्स सात, बॅबेज सात, लँब चार. डिकन्स वाचलाय का, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘बॉझ नावानं लिहायचा. तीन अक्षरी.’’ वाचायचा काय संबंध? त्यांच्या लेखी डार्विनपेक्षा लँब थोर. तो ‘एलिया’ नावानं निबंध लिहायचा आणि या नावाच्या चार इंग्रजी अक्षरांत तीन स्वर येतात. कोडं रचणारा कोपऱ्यात अडकला की एलियालाच हाक मारतो. अमर व्हायचं तर टोपणनाव स्वरांचं घ्या, असा सल्ला काकांनी ओळखीच्या एका कवीला दिला. कवी अजून बोलत नाहीत.

पहिल्या चार्ल्स राजाचा 1649 मध्ये शिरच्छेद झाला. कोड्यात ‘शिरच्छेद’ आला की शब्दाचं पहिलं अक्षर उडवायचं असतं. ही खुबी काका जावयाला रंगवून सांगत होते. जावई बिचारा नोकरी गेल्याचं सांगायला आला होता.

पण काकांचा खरा जिव्हाळा कॉर्नवॉलिसवर. हाही चार्ल्सच, दहा अक्षरी. 1791 च्या मार्चमध्ये त्यानं इथला किल्ला घेतला. पेठेतून चालत जाता येतं. त्याच वर्षी डिसेंबरात तिकडे इंग्लंडात बॅबेज जन्मला, ज्याच्या गणकयंत्राच्या कल्पनेचे वारसदार आज या शहरात लाखोंनी पोट भरतात. हा योगायोग काका असा सांगतात, की जणू तो त्यांनीच जुळवून आणला. किल्ला घेतल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात श्रीरंगपट्टणहून उपाशी फौज घेऊन माघारी निघालेल्या कॉर्नवॉलिसला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन भेटले. मराठी छावणीच्या बाजारात धान्य मुबलक होतं. इंग्रजांना ते चढ्या भावानं मिळालं. इथं काकांचा आवाजही चढतो. परशुरामभाऊ कोड्यात कधीच येत नाहीत, ही त्यांची खंत. मोजून झालंय : इंग्रजीत चौदा अक्षरं, कोड्याची ओळ पंधरा घरांची. ‘‘आरामात बसतात हो!’’

मोरीचा नळ गळायला लागला, की काकू ज्याला फोन करतात त्याचंही नाव चार्ल्सच. काकांना तो फक्त ‘नळवाला’ म्हणून माहीत. काकू म्हणतात, ‘‘घरात एवढे चार्ल्स, पण हाकेला धावणारा हा एकटाच.’’

काकांना भेटायचं असेल तर सकाळी दहानंतर जा. आधी गेलात आणि तुमचं नाव चार्ल्स नसेल, तर कॉफी काकूंकडेच मागा.