एक मांजर, दोन घमेली

अणदुरात कुणी घराचं बांधकाम काढलं की आधी वाळू येते, आणि त्याच संध्याकाळी गल्लीतल्या मांजरांना निरोप जातो. ट्रक रिकामा करून ड्रायव्हर चहाचा कप खाली ठेवेपर्यंत पहिलं मांजर ढिगावर चढून पाहणी करत असतं. वाळूच्या ब्रासचा भाव आता असा झालाय की घरमालक रात्रीतून उठून ढिगावर बॅटरी मारतो. वर ताडपत्री टाकतो, कडेनं बाभळीच्या फांद्या रचतो. त्यानं चोर थांबतो, मांजर थांबत नाही. सकाळी गवंडी पहिलं घमेलं भरताना तोंडाला टॉवेल गुंडाळतो आणि म्हणतो, "मालक, सिमेंट जरा कमी पडलं तरी चालंल बघा. धरून ठेवायला यात आधीच बरंच काही हाय."

अशा गावात आमच्या लेकीनं पुण्याहून मांजरीचं पिल्लू आणलं आणि त्याच्यासोबत त्याचा संडासही आणला.

पिल्लू पार्किंगमधल्या स्कूटरखाली सापडलेलं. लेक भाड्यानं राहते तिथं जनावर चालत नाही, तेव्हा 'थोडे दिवस' म्हणून ते आमच्याकडं आलं. थोडे दिवस म्हणजे किती, हे पोरं आईबापांना कधी सांगत नाहीत. नाव मोमो. माझ्या आईनं ते एकदा ऐकलं आणि दुसऱ्या मिनिटाला तिची मनी केली. सामानात एक उथळ प्लास्टिकचा ट्रे, पाच किलो खड्याखड्यांच्या मातीची पिशवी आणि एक जाळीदार पळी होती. पिशवीवरची किंमत वाचून बायको म्हणाली, "एवढ्या पैशात याच्या दुप्पट ज्वारी येते." पळी आईनं झारा समजून भांड्यांच्या मांडणीला अडकवली. नवीकोरी होती म्हणून त्या रविवारची भजी निभावली.

ट्रे कशासाठी आहे हे कळल्यावर आईनं पदर तोंडाला लावला. "आता मांजराला बी संडास? मग सरकारचे बारा हजार हिला बी मिळत्यात का?"

आईचा प्रश्न वावगा नव्हता. माणसांना हेच शिकवायला या राज्यानं काय काय केलं! आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१मध्ये संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान निघालं. पुढं पहाटे पहाटे गुड मॉर्निंग पथकं शिट्ट्या फुंकत फिरायला लागली. डबा घेऊन निघालेल्या माणसाच्या हातात कुठं गुलाबाचं फूल द्यायचे, कुठं दंडाची पावती. २०१४ला स्वच्छ भारत आलं, बारा हजारांचं अनुदान आलं, संडास उभे राहिले आणि कित्येक ठिकाणी त्यांत सरपण आणि सोयाबीनची पोती सुखानं नांदायला लागली. इकडं हे ओंजळभर जनावर. ना पथक, ना फूल, ना पावती. ट्रे जमिनीवर टेकायचा अवकाश, आत जाऊन उकरायला लागलं.

लेकीनं बजावलं होतं, "पप्पा, शिकवावं लागेल हं." म्हणून मी मनीचा पुढचा पंजा बोटांत धरून मातीत दोनदा ओढून दाखवला. तिनं पंजा सोडवून घेतला, झटकला आणि मी पाठ वळवल्यावर आपलं काम आपण केलं. मागाहून वाचलं तेव्हा कळलं की पहिले तीनेक आठवडे पिल्लाला हे आपणहून जमतच नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हा ते होतं, आणि जे होतं ते आईच गिळून टाकते. वासावर दुसरं जनावर येऊ नये म्हणून. चौथ्या आठवड्याच्या सुमाराला पिल्लू भुसभुशीत काही दिसलं की उकरायला लागतं. हे मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आणि तुम्ही म्हणता, पोरांचं सगळं मीच केलं म्हणून मी ऐकवते."

मनीचं वेळापत्रक आमच्या एसटीपेक्षा पक्कं निघालं. झोपून उठली की एकदा, खाऊन झालं की एकदा. आधी मातीचा वास घेणार. एका कोपऱ्यात उकरणार, तो कोपरा नापसंत करून दुसऱ्यात उकरणार. गोल फिरणार. मग बसणार, आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जो गंभीरपणा येतो तो मी फक्त बँकेत सही जुळवून बघणाऱ्या कारकुनांच्या तोंडावर बघितलाय. मग वळून वास, मग माती लोटणं. पुन्हा वास, पुन्हा माती. शेवटी ट्रेबाहेर उडी मारून शेपूट उभारून घरभर धावत सुटणार. हे धावणं कशाचं, यावर जाणकारांचं एकमत नाही. आईचं आहे. "मोकळं झाल्यावर माणसाला बी पळावं वाटतंय. वयानं पळता येत नाही, एवढंच."

झाकण्याचा भाग मात्र विचार करायला लावतो. पाळीव मांजराचा मूळपुरुष म्हणजे आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. तो स्वतः शिकारी, पण त्याच्यापेक्षा मोठे शिकारी आजूबाजूला. आपला माग राहू नये म्हणून मागचं सगळं मातीखाली. पण ज्याला कुणाची भीती नाही असा दांडगा बोका कित्येकदा झाकत नाही. उलट वाटेच्या मधोमध मुद्दाम ठेवून जातो, इलाखा कुणाचा ते कळावं म्हणून. आमच्या गल्लीत एक पिवळा बोका आहे. तो रस्त्यावरच्या पेव्हर ब्लॉकच्या बरोबर मधे ठेवतो आणि मागं वळूनही बघत नाही. केलेलं झाकायचं ते बारक्यांनी. सत्तेत असलेल्याला ती गरज पडत नाही, हे मला वर्तमानपत्रातूनही कळलं असतं, पण बोक्याकडून लवकर कळलं.

ट्रे कुठं ठेवायचा यावर घरात तीन पक्ष पडले. स्वयंपाकघराजवळ नको, हे बायकोचं. आणि तेच मांजराचंही. खायच्या जागेजवळ ते घाण करायला तयार होत नाही. देवघराच्या भिंतीला लागून नको, हे आईचं. बैठकीत नको, हे माझं, कारण माणसं येतात. शेवटी ट्रे जिन्याखाली वॉशिंग मशीनशेजारी गेला. दोन दिवस बरं चाललं. मग मनी आत बसलेली असतानाच मशीन पिळायला लागली. ते सबंध यंत्र थरथरत दोन बोटं पुढं सरकलं. मनी अर्ध्यातून जी निघाली ती थेट अंगणात, आणि अंगणात मऊ माती एकाच ठिकाणी होती. तुळशीवृंदावनात.

त्या दिवशी आईनं मांजर, मी, माझी बायको आणि पुण्यातली लेक, सगळ्यांचा एकत्र उद्धार केला. मांजराला मात्र सगळ्यात कमी. "मुकं जनावर हाय ते. तुम्हाला तोंड हाय, अक्कल कुठं हाय?" तुळशीत गोटे पसरले, कडेनं संत्र्याच्या साली टाकल्या. मांजरांना त्या वासाचा तिटकारा. लेकीला फोन लावला. तिनं पुण्यातून निकाल दिला: ट्रे शांत जागी हवा, वर झाकण नको, एक कड ठेंगणी हवी, आणि जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त.

"एका मांजराला दोन?" आई म्हणाली. "माणसं सहा हावं घरात. संडास एकच हाय."

इथं बायकोनं जे केलं त्याला मी मुत्सद्देगिरी म्हणतो. हळूच म्हणाली, "आत्या, आपल्या खंडोबाला नाहीत का दोन देवळं?"

आता हे बाहेरगावच्यांना सांगायला हवं. अणदूरचा खंडोबा आणि शेजारच्या नळदुर्गचा, म्हणजे मैलारपूरचा खंडोबा, देवळं दोन, मूर्ती एकच. देव सव्वादहा महिने आमच्याकडं आणि पावणेदोन महिने त्यांच्याकडं. दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात, मग देव पालखीतून निघतो. सीमाप्रश्न, पाणीप्रश्न, भाऊबंदकीतले बांध, कशाचाच निकाल न लागणाऱ्या या मुलखात हा करार पिढ्यान्पिढ्या पाळला जातो. आईनं दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या, "येळकोट येळकोट" म्हणाली आणि सुनेकडं रागानं बघितलं. पण देवाचं नाव निघाल्यावर तिला नाही म्हणवेना. बांधकामाच्या वेळचं एक प्लास्टिकचं घमेलं माळ्यावर पडून होतं. ते धुऊन मागच्या पडवीत ठेवलं. आमच्या खंडोबाच्या पायाशी खरं तर कुत्र्याचा मान. पण मांजर सटवाईचं, सठीचं वाहन, आणि देवाची मोठी तिथीही चंपाषष्ठीच. आईनं एवढा धागा पकडून मनीला मानात बसवली.

मग मातीचा प्रश्न आला, कारण पाच किलोची पिशवी संपली. पिशवीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: बेंटोनाइट. शोधून बघितलं तर बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती. पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. आपल्या देशात कच्छकडं तिच्या मोठ्या खाणी आहेत. आणि हेच खनिज ठासून भरलंय आमच्या शेतातल्या काळ्या मातीत! उन्हाळ्यात जिला मांडीएवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात जी पायातली चप्पल ठेवून घेते आणि घराच्या पायाखाली फुगून भिंतींना चिरा पाडते, ती. पाच एकर मांजराची माती बापजाद्यांनी आमच्या नावावर करून ठेवलेली, आणि आम्ही ती कुरियरनं मागवत होतो.

हा उद्योग सुरू कसा झाला तेही ऐकण्यासारखं आहे. १९४७च्या जानेवारीत अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या कासोपोलिस गावात, एड लोव नावाच्या तरुणाकडं शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. तिची वाळू थंडीनं गोठली होती, आणि राख वापरावी तर घरभर काळे पंजे उमटत होते. लोव कारखान्यांत सांडलेलं तेल टिपणारी दाणेदार माती विकायचा. त्यानं ती दिली. बाईला आवडली. मग त्यानं पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरून त्यावर पासष्ट सेंट किंमत टाकली. दुकानदार हसला, फुकटची वाळू सोडून हे कोण घेईल म्हणून. लोव पुढं कोट्यधीश झाला. ती माती म्हणजे फुलर्स अर्थ, आपली मुलतानी. आपल्याकडच्या बायका तोंडाला लावतात ती.

मी शेतातून पोतंभर काळी आणली, ढेकळं फोडली, चाळली, उन्हात वाळवली, दोन्ही घमेल्यांत चार बोटं थर दिला. मनी आत गेली, वास घेतला, बसली, झाकून बाहेर आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग ती ओल्या पंजांनी पांढऱ्या फरशीवरून धावली. जिन्याखालून बैठकीत, बैठकीतून देवघरात, तिथून माझ्या पांढऱ्या लेंग्यावर. बायको काही बोलली नाही. फडकं माझ्या हातात दिलं. कारखान्यातली माती दाणेदार, धूळ काढलेली असते, त्याचे ते पैसे. शिवाय मनीनं एक ढेकूळ चावून बघितलं. बारकी पिल्लं मातीची चव घेतातच, आणि फुगणारी माती पोटात गेली तर आतडं तटतं, म्हणून अगदी लहान पिल्लाला गोळा होणारी माती देऊच नये, हे पुन्हा पुण्याहून कळलं. मग नदीची जाड वाळू आणली. ती कुठून आणली ते विचारू नका. शेजाऱ्याचं बांधकाम अजून चालू आहे.

आईला या सगळ्याचं नवल नव्हतं. तिच्या माहेरी माळवदाचं घर. वर लाकूड, पाला आणि हातभर मातीचा थर. गावातली मांजरं रात्री माळवदावर चढायची, कोपऱ्यात उकरायची, आणि मिरगाचा पहिला पाऊस आला की बरोबर तिथंच गळायचं. "आमच्या आजाच्या अंथरुणावरच," आई म्हणाली. १९९३च्या भूकंपानंतर माणसं माळवदाला भिऊ लागली. पत्रे आले, स्लॅब आले, अंगणात फरशी आली, गल्लीत पेव्हर ब्लॉक आले. चूल गेली तशी राख गेली. मांजरानं जायचं कुठं? कुणाच्या वाळूवर नाही तर तुळशीत.

बाकी नियम आम्ही चटकन पाठ केले. दोन्ही घमेली रोज साफ करायची. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू येऊ शकतो, आणि तो बाहेर पडल्यावर दिवसभरानंतर बाधायला लागतो, म्हणून आजचं आजच काढायचं. दिवस गेलेल्या बाईनं तर हे काम करूच नये. हात धुण्याचं मात्र आमच्या बायकांना सांगावं लागलं नाही. हॅलो मेडिकल फाउंडेशननं याच अणदुरातून गावोगावच्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. त्यांच्यापुढं आरोग्याचं भाषण करायची माझी छाती नाही. फिनेल बंद केलं, मांजराच्या यकृताला ते सोसत नाही. आणि बोका घमेल्यात बसून कुंथतोय, ओरडतोय, पण थेंब येत नाही असं दिसलं तर वाट न बघता जनावरांचा दवाखाना गाठायचा. तिथं तुमच्या पुढं म्हैस असेल. म्हशीच्या मालकाला समजावून पुढं जायचं. तो ऐकतो.

पौष पौर्णिमेला नळदुर्गात खंडोबाची मोठी यात्रा भरते, आणि आमचं घर पाहुण्यांनी फुलून जातं. यंदा लातूरकडच्या भाचीचं दोन वर्षांचं पोरगं आलं होतं. सगळ्या बाया हळदीच्या भंडाऱ्यानं पिवळ्या होऊन दुपारी कलंडल्या, आणि त्या गडबडीत पोरगं उठलं, दुडुदुडु पडवीत गेलं, चड्डी खाली करून मनीच्या घमेल्यात बसलं. काम झाल्यावर तसंच उठून बाहेर खेळायला गेलं.

मनी कोपऱ्यातून हे सगळं बघत होती. ती घमेल्याजवळ आली. वास घेतला. दोन पावलं मागं सरली. पुन्हा पुढं झाली आणि बराच वेळ, चारी बाजूंनी, एका पंजानं, मग दुसऱ्या पंजानं, दुसऱ्याचं ते काम मातीआड करत राहिली. मग सरळ चालत जिन्याखालच्या ट्रेकडं गेली.

आईनं भाचीला हाक मारली. "ये गं, ये. बघून घे. पोरगं तुझं, आन् निस्तरायलंय कोण?"