सोवळ्यातला मेकॅनिक

कॅलिफोर्नियाने २०१६ साली मतदान करून गांजा कायदेशीर केला. २०१८ पासून एकविशी ओलांडलेल्या कोणालाही तो परवाना असलेल्या दुकानात मिळू लागला. केंद्राच्या कायद्याला मात्र हे मान्य नाही, आणि व्हिसावर राहणाऱ्याची गाठ केंद्राशी. त्यामुळे आमच्या बिल्डिंगमधल्या, गांजाचा अर्क तापवून ओढायच्या वेप पेनांना मी हात लावत नाही. पण बिघडली की सगळी येतात माझ्याच दारी. भारतीय, त्यातून इंजिनिअर! मी सॉफ्टवेअरवाला आहे म्हटलं, तर म्हणतात, "मग तर तुला सोपंच!"

सोवळ्यातली आजी लांबूनच सुनांना कामाला लावते, तशी माझी दुरुस्ती चालते.

पहिला प्रश्न, "चार्ज केलंय?" यावर लोक दुखावतात. मग बटण. बऱ्याच पेनांचं बटण भराभर पाच वेळा दाबलं की पेन चालू, आणखी पाच वेळा दाबलं की बंद. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर चिडून दहा वेळा दाबतात आणि "मेलं हे" असं जाहीर करतात.

दिवा लागतो पण धूर नाही, म्हणजे संपर्क तुटलाय. अर्काची कार्ट्रिज पेनवर करकचून पिळली की मधली पिन आत दबते. ती टूथपिकने हलकेच वर घ्यायची, आटे स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे. अर्धे रोगी इथेच बरे होतात.

उरलेल्यांची नळी तुंबलेली असते. अर्क मुळात काकवीइतका घट्ट, थंडीत आणखी आळतो. कार्ट्रिज मुठीत धरून ऊब द्यायची, एवढाच उपाय. पण तल्लफ आलेल्या माणसाला मूठ मिटून बसवत नाही. तो गाल आत जाईतो ओढतो आणि कडू तेल थेट जिभेवर येतं.

करपल्याचा वास आला तर मात्र मी मान हलवतो. व्होल्टेज चढवून ठेवलं की कॉइलपर्यंत तेल पोचायच्या आत ती कोरडीच तापते. जळलेली कॉइल जिवंत होत नाही. आणि कार्ट्रिज रस्त्यावरून स्वस्तात आणलेली असेल, तर मी तपासतही नाही. २०१९ मध्ये अशाच चोरट्या मालात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं निघालं. फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेत वेपिंगमुळे झालेल्या फुप्फुसविकाराने ६८ माणसं गेली. तिथे माझी टूथपिक काय करणार?

यात माझी हुशारी काहीच नाही. मला ओढायचं नसतं, म्हणून मला घाई नसते. आणि घाई नसली की पिन दिसते. मास्तरांना हे पटलंय. ते म्हणतात, "ऑफिसातही तू असाच शांत असशील!"

मी हसून वेळ मारून नेतो. सर्व्हर बंद पडला की मीही रीस्टार्टचं बटण दहा वेळा दाबतो. तिथे तल्लफ माझी असते, पगाराची.