अब्रू, मु. पो. लंडन

साहेबांचा कारखाना इथे, थकलेली ऊसबिलं इथे, बुडालेली पतसंस्था इथे, तिच्या दारात बसलेले ठेवीदारही इथलेच. अब्रू तेवढी लंडनला. ती तिकडे कधी गेली म्हणून विचारू नका. इथे बरीच वर्षं कुणाला दिसली नव्हती, एवढं खरं. तालुक्याच्या चार पानी साप्ताहिकात पतसंस्थेची बातमी येते, साप्ताहिकाच्या वेबसाइटवर चढते, लंडनच्या एखाद्या फ्लॅटमध्ये कुणीतरी ती मोबाइलवर उघडतं आणि अब्रूला तिथल्या तिथे घेरी येते.

मग तिकडच्या वकिलाचं पत्र येतं. माथ्यावर ठळक अक्षरांत: ‘खासगी व गोपनीय. प्रसिद्धीसाठी नाही.’

माझा जीव अडकलाय तो या ओळीत. तुम्ही आमच्याबद्दल छापलंत म्हणून आम्ही तुम्हाला दम देतोय, पण दम दिला हे मात्र छापू नका. दरोडेखोराने दार ठोठावून म्हणावं, ‘दागिने काढा, आणि हो, हे आपल्या दोघांतच राहू द्या!’ पुन्हा त्याच पाकिटात माफीचा तयार मसुदा. तो मात्र पहिल्या पानावर, चौकटीत, ठसठशीत छापायचा. म्हणजे दमदाटी गुप्त आणि माफी जाहीर. संपादकाने कात्री घेऊन बसावं आणि कुठला परिच्छेद तिजोरीत, कुठला छापखान्यात, याची वाटणी करावी. हे पत्र बायकोला दाखवलं तर चालेल का? प्रुफं वाचणाऱ्या काकांना? ते तर समोर आलेल्या कुठल्याही कागदावर लाल पेन चालवतात. साहेबांच्या मानहानीतली वेलांटी त्यांनी दुरुस्त केली, तर तो दुसरा दावा का? गंमत म्हणजे वर तसं लिहिलं म्हणून पत्र गुप्त होतं, असं खुद्द इंग्लंडातही नाही. असल्या शिक्क्यांचा गैरवापर करू नका, अशी तंबी तिथल्या वकिलांना 2022 मध्येच मिळाली आहे. पण तालुक्याच्या संपादकाला हे सांगणार कोण?

तिथल्या कायद्यात बातमी खरी होती हे छापणाऱ्याने सिद्ध करायचं, आणि हरला तर समोरच्याच्या वकिलांचा खर्चही बहुतेक त्यानेच सोसायचा. 2013 च्या कायद्याने थोडी आडकाठी घातली: परदेशी माणसावरचा असा दावा इंग्लंड-वेल्स हीच सर्वांत योग्य जागा असेल तरच ऐकायचा. ठीक. पण पत्राला न्यायाधीश लागत नाही, टायपिस्ट पुरतो. अमेरिकेने 2010 मध्ये सांगून टाकलं की आमच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात न बसणारे बदनामीचे परदेशी निकाल आम्ही वसूल करून देणार नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 44-अ मात्र पाहुणचाराला तत्पर. ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायालयाची पैशाची डिक्री आपल्या जिल्हा न्यायालयात आणता येते आणि जणू त्याच कोर्टाने दिली अशा थाटात तिची वसुली करता येते. कलम 13 खाली हरकत घेता येते म्हणे. घ्या की! वकील लावा, तारखा घ्या, जमेल तर मधल्या वेळेत अंक काढा.

आणि साहेबांना विमानाचं तिकीट तरी कशाला हवं? इंग्रजांनी 1860 मध्ये आपल्यासाठी बदनामी हा तुरुंगात टाकण्याजोगा गुन्हा करून ठेवला. स्वतःच्या घरातला तो गुन्हा इंग्लंडने 2010 मध्ये मोडीत काढला. आपण काय केलं? 2024 मध्ये गुलामीच्या खुणा पुसायला नवी न्याय संहिता आणली, कलम 499 आणि 500 पुसून तिथे 356 लिहिलं आणि दोन वर्षांची कैद होती तशी उचलून ठेवली! खुणा नाही, नुसते आकडे पुसले. नवं काय, तर कैदेला एक पर्याय जोडला: समाजसेवा. ठेवीदारांचे पैसे कुणी खाल्ले हे छापण्यालाच आजवर आमच्या तालुक्यात समाजसेवा म्हणत. आता ती केल्याबद्दल शिक्षा म्हणून पुन्हा समाजसेवाच करायची. झाडू कुणी आणायचा, तेवढं संहितेत दिलेलं नाही.