शाप हवा तर असा

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताना मी बहुधा डंजन मास्टर असतो. म्हणजे बाकीचे शूरवीर आणि मी त्यांचं नशीब. पगार शून्य, पण चार सुशिक्षित माणसांना समोर बसवून शाप देता येतात. हे सुख सोसायटीच्या सेक्रेटरीलाही नाही.

१९७९च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने शापित वस्तूंचा बाजारच मांडलाय. घालताच गळा आवळणारा हार काय, ऐन लढाईत नाचायला लावणारे बूट काय! खेळाडूंवर त्याचा एवढा कसला राग होता कोण जाणे. पण हार घातला आणि मेला, यात मजा कसली? शापित वस्तू कामाची हवी. इतकी, की टाकवत नाही.

माझी लाडकी म्हणजे सोर्ड ऑफ व्हेंजन्स. देखणी, वर हल्ल्याला प्लस वन. फक्त लढाईत कुणी आपल्याला जखम केली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. विस्डम धरून पंधरा झाले नाहीत, तर दोघांपैकी एक आडवा होईपर्यंत त्याच्याच मागे लागायचं.

ती आमच्या फायटरला सापडली. तो एरवी सीए. फुकटचं काही दिसलं की त्याला संशय येतो, म्हणून त्याने विझर्डला कामाला लावलं. विझर्डने शंभर सुवर्णनाण्यांचा मोती काढून वस्तू ओळखण्याचा आयडेंटिफाय मंत्र मारला.

"जादूची आहे. प्लस वन," मी म्हणालो.

"आणखी काही?"

"आणखी काही दिसत नाही."

खोटं नव्हतंच ते. आयडेंटिफायला शाप दिसत नाही, असं नियमांच्या पुस्तकातच लिहिलंय.

पुढच्या लढाईत समोर ड्रॅगन, आणि कड्यावरून एका फाटक्या गॉब्लिनने फायटरला बाण मारला. फासा पडला चारवर. ड्रॅगनला पाठ दाखवून आमचा वीर कडा चढू लागला. खाली क्लेरिक भाजून निघत होती आणि तिची बोलणी इथे छापण्याजोगी नाहीत.

बॅनिशमेंट मंत्र मारला तर तलवारीत शाप होऊन बसलेलं भूत जातं आणि प्लस वन तेवढा उरतो. पण तो मंत्र क्लेरिकला सातव्या लेव्हलला मिळणार, आणि आमची मंडळी पाचव्याच लेव्हलला. रिमूव्ह कर्सने तलवार टाकून देता येते, असं तिने सुचवून पाहिलं. टाकायची? सीए?

हल्ली तो लढाईच्या सुरुवातीलाच सगळ्यात मोठ्या राक्षसापुढे जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, "पहिला फटका तुम्ही मारा, साहेब."