शंकेची पाल

झुरळं आमच्या सोसायटीत सगळ्यांकडे आहेत; कबुली फक्त नानांनी दिली. बाकीचे आम्ही ‘वरच्यांच्या पाइपातून येतात’ म्हणणारे. सर्वात वरच्या मजल्यावरचे जोशीही तेच म्हणतात, आता बोला.

नाना बँकेत इन्स्पेक्टर होते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या शाखांत जाऊन चुका काढायचा पगार घेतला. आता तेच काम बिनपगारी करतात. कोथरूडच्या त्यांच्या दोन खोल्यांत मनी नावाचं मांजर, पिंजऱ्यात लव्हबर्डची जोडी आणि टाकीत अकरा गप्पी आहेत. या मंडळींवर फवाऱ्याचा एक थेंबही उडता कामा नये, या अटीवर काकूंनी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावण्याची परवानगी मिळवली, आणि त्या पोराची ग्रहदशा फिरली.

तो दारात पंप पाठीवर घेऊन उभा. नाना वही घेऊन आडवे.

“औषध कुठलं?”

“काका, हर्बल आहे.”

“धोतराही हर्बलच आहे. खातोस?”

“वास पण येत नाही काका.”

“म्हणजे कधी विषबाधा झाली तेही कळायचं नाही. डबा दाखव.”

डब्यावर तिरका चौकोन असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो, हे मला त्या दिवशी कळलं. लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. याचा निळा निघाला. पोरगा म्हणाला, हिरवंही आहे गाडीवर, आणतो. नाना म्हणाले, “आण. पण हिरवा म्हणजे सिग्नल नव्हे. विष ते विषच, फक्त सौम्य.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षरं वाचली, औषधाचं नाव वहीत उतरवलं आणि पोराला पाणी दिलं. पाणी द्यायला ते कधी विसरत नाहीत. ऑडिटलाही म्हणे आधी चहा पाजायचे.

मग व्याख्यान झालं. झुरळांची बरीचशी औषधं शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातल्या विषाच्या नकला आहेत. माणसाचं आणि कुत्र्याचं यकृत ती बऱ्यापैकी पचवून टाकतं. मांजराच्या यकृताला ते जमत नाही, त्यातही परमेथ्रिन तर मुळीच नाही. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मांजराला लावलं तर ते थरथरायला लागतं, झटके येतात, जीवही जातो. शिवाय मांजर पडलं टापटिपीचं. फरशीवरचं पंजाला लागतं, पंजा चाटला की पोटात. म्हणून फरशी खडखडीत वाळेपर्यंत मनी घरात नको. पाखरांची फुप्फुसं तर इतकी हळवी, की इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखायला कॅनरी न्यायचे, पार 1986 पर्यंत. आणि मासे? या औषधाचा अंश पाण्यात उतरला तरी उलटे होतात. टाकी नुसती झाकून भागत नाही, हवेचा पंप खोलीतलीच हवा आत ओढतो. तो आधी बंद.

“काका, मला अजून चार घरं आहेत,” पोरगा म्हणाला.

काकू आतून म्हणाल्या, “लग्नाच्या वेळी माझी इतकी चौकशी झाली नव्हती हो.”

स्थलांतर अर्थातच आमच्याकडे. मनी टोपलीत, टोपलीवर ताट, ताटावर वरवंटा. पिंजरा जुन्या धोतरात गुंडाळलेला. गप्पी दोन बादल्यांत, तेही टाकीतल्याच पाण्यात, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन. त्या दिवशी आमच्या घरी कुणी आंघोळ केली नाही. बाथरूमच्या दारावर नानांनी ‘आत जीव आहेत’ अशी चिठ्ठी लावली होती. आमच्या सासूबाई ती वाचून दिवसभर देवघरातच बसल्या.

हे हसण्यावारी न्यायचं मला एरवी सोपं गेलं असतं. पण गेल्या पावसाळ्यात कमिटीने जिन्याखाली उंदरांच्या वड्या उघड्या टाकल्या, तेव्हा एकटे नानाच भांडले होते. त्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, आणि लक्षणं दिसतात ती दोन-चार दिवसांनी. तोवर कुत्र्याने काय खाल्लं होतं हे कुणालाच आठवत नाही. तळमजल्यावरच्या कुत्रीने वडी पळवली, तेव्हा ती जेवत-खेळत असतानाच नाना तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे घेऊन गेले, वडीचं वेष्टन खिशात घेऊन. वेष्टनामुळे विष कोणतं ते लगेच कळलं आणि व्हिटॅमिन के सुरू झालं. कुत्री अजून नानांवरच भुंकते. वड्या आता कुलपाच्या डबीत असतात, किल्ली नानांकडे.

तर घर रिकामं झालं. पोराने नळी सरळ केली, आणि नानांची नजर ट्यूबलाइटकडे गेली.

“थांब. ती राहिली.”

ट्यूबमागे पाल होती. नानांच्या हिशेबात ती पाळीव प्राण्यांतच, कारण सात वर्षं भाडं न देता राहते पण रोज काम करते. फवारा नको असेल तर जेल लावतो, पोरगा म्हणाला, बिजागरीत ठिपके ठेवायचे, बस. नानांनी विचार केला. जेल झुरळ खाणार. झुरळ पाल खाणार.

“काका, मग झुरळं राहू द्यायची का?” त्याने कळवळून विचारलं.

नानांनी या प्रश्नावर खरोखर विचार केला, हे मी स्वतः पाहिलं.

शेवटी पालीला हलवायचं ठरलं. नाना स्टुलावर, हातात बुटाचं खोकं. मी खाली टॉर्च धरून. पोरगा पंपासकट ‘अशी इकडून, इकडून’ करत. खोकं टेकलं, पाल निसटली आणि शेपूट खोक्यात टाकून गेली. ते वळवळत होतं. नाना स्टुलावरून उतरले ते थेट खुर्चीत. “औषधाआधीच आपण तिला…” इतकंच म्हणाले. मी सांगितलं, नाना, शेपूट परत उगवतं. “ते मला माहितेय रे,” ते म्हणाले, “पण तिला तरी माहितेय का?”

फवारा फक्त स्वयंपाकघरात झाला. हॉलला अभय मिळालं. संध्याकाळी खिडक्या उघडून, पंखे लावून, फरशीवर बोट फिरवून बघून नानांनी एकेकाला सोडवून नेलं. आमच्या बादलीच्या तळाशी एक गप्पी राहिला होता. तो मोजदादीत सापडला.

आठ दिवसांनी आमच्या ओट्यावर झुरळ दिसलं. मग दुसरं. बायकोने फोन उचलला, ‘पेस्ट कंट्रोल’ एवढंच म्हणाली असेल-नसेल, तर आमच्या ट्यूबमागे काहीतरी चुकचुकलं. वर बघितलं. शेपूट नव्हतं, बुंध्याशी नुसता कोंब.

नाना दहा मिनिटांत हजर. वही उघडी, पेन्सिल कानामागे. आमच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

“स्टूल आहे का रे?” त्यांनी विचारलं. “जरा मोजू दे, किती उगवलंय.”